हनुमान युनियनचा नवा कोच

जुनी हुबळी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

गणपत, रामराम.

पाकीट बघून तुला वाटेल, सदाशिवच्या घरी काही झालं की काय. काही नाही, सगळे ठीक आहेत. फक्त माझे कान गेले. कुणी कानाशी येऊन ओरडलं तर कळतं, फोनवर मात्र नुसती घरघर ऐकू येते, म्हणून पत्र. पाचवीपर्यंतचं माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, चुका सांभाळून घे.

आपल्या हनुमान युनियनची, फुटबॉलची बातमी वाईट आहे. नऊ सामन्यांत सात हरलो, एक बरोबरीत सुटला. एक जिंकलो, तोही समोरच्यांचे नऊच जण आले म्हणून. तळाला आहोत. तीन सामने राहिलेत. मैदान प्रदर्शनाला दिलंय, त्यामुळे पुढचा सामना सोळा फेब्रुवारीला. तिन्हीतला एक तरी जिंकला नाही तर खालच्या गटात जाणार. आपला सेक्रेटरी रोहित, कोप्पीकर रोडवर मोबाइलचं दुकान आहे त्याचं, सरळ म्हणाला की खाली गेलो तर क्लबला कुलूप लावतो. शिवणाचं दुकान मुलानं बंद केलं, ही गेली, रोज पाचला मैदानाच्या पायरीवर जाऊन बसणं एवढंच उरलंय. कुलूप लागलं तर पाचला मी कुठं जाऊ?

कोच किरण राजीनामा देऊन गेला. शाळेत पी.टी.चा मास्तर, चांगला माणूस. आपल्याच पोरांनी घालवला. हलगीची रीत तुला आठवत असेल. कोच नको झाला की त्याच्या बाकामागं उभं राहून मयताचा ठेका वाजवायचा, तो उठून जाईपर्यंत. एकोणऐंशीत आपणच सुरू केली, तेव्हा गंमत वाटली. या वेळी पोरांना ठेका जमत नव्हता. मी हलगी हातात घेऊन दाखवला. एक तीच मला अजून ऐकू येते, गणपत, छातीत ऐकू येते. आता किरण मला रस्त्यात बघून गाडी वळवतो.

नवा कोच कोण, यावर पायरीवर रोज भांडण. रोहितला राहुल हवा. बंगळूरहून सर्टिफिकेट घेऊन आलाय, लॅपटॉपवर बाण काढून दाखवतो. मारुतीचे पुजारी बाळाचार्य म्हणाले, "बाण भरपूर आहेत रे, पण पाय तेच आहेत." कुणी म्हणतं किरणला परत बोलवा. मग सगळे माझ्याकडे बघतात.

काल लीगचा लिफाफा आला. आपल्या रीतीप्रमाणे न फोडता मारुतीच्या पायाशी ठेवला, मग फोडला. कोचला लायसन्स पाहिजेच म्हणतात, राहुलचं सर्टिफिकेट त्यात चालतं. तेव्हा मला तुझा अभिषेक आठवला. त्याच्याकडे लायसन्स आहे, कोल्हापूरच्या मोठ्या संघाला त्यानं शिकवलंय, आणि हनुमान युनियनच्या गोलकीपरचा मुलगा आहे. मी नाव काढलं तर पायरीवर पहिल्यांदाच भांडण थांबलं. पाठवशील का त्याला? दीड महिन्याचा प्रश्न आहे. माझ्याकडे राहील, सूनबाई अर्चना सगळं करील.

तुझा,
सदाशिव


कोल्हापूर,
२० जानेवारी २०२५

सदा,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, शिलाई उसवल्यासारखं.

किरणला परत बोलवा. माणूस पोरांना ओळखतो. तू स्वतः त्याच्या घरी जा, चहा मागून पी, चूक झाली म्हण. एवढं तुला जमायला हवं. एक्याऐंशीत स्वतःच्याच गोलात हेडर मारून तू माझ्याकडे बघून हसला होतास, ते मी पोटात घातलं की नाही?

ते नसेल जमत तर राहुलला घ्या. बाण तर बाण.

अभिषेकला सवड नाही. एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो, मालक सोडत नाही. त्याचं नाव पुन्हा काढू नकोस.

माझे गुडघे गेले, बाकी ठीक.

गणपत


जुनी हुबळी,
२६ जानेवारी २०२५

गणपत, रामराम.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. हार्डवेअरच्या दुकानाची गोष्ट मला पटली नाही. रागावू नकोस, पण खरं कारण मला कळलं आहे. त्र्याऐंशीची फायनल.

मी कॅप्टन होतो. तुला बाकावर बसवून मी त्या वर्कशॉपच्या साहेबाच्या पुतण्याला गोलात उभं केलं. साहेब म्हणाला होता की बूट देतो सगळ्यांना. आपण तीन गोल खाल्ले आणि बूटही आले नाहीत. त्यानंतर तू कधी त्याबद्दल बोलला नाहीस, मीही नाही. बेचाळीस वर्षं मला वाटत होतं की तू विसरलास. आता कळलं, विसरला नाहीस. माझी चूक होती. मी तुझ्या पाया पडतो. पण बापाचा राग मुलाच्या कामावर काढू नकोस.

किरणकडे गेलो होतो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, घरी नाहीत म्हणाली. त्याचे बूट दारातच होते. मी चहा न मागता परत आलो.

रोहितनं कुठून तरी अभिषेकचा नंबर काढला आणि त्याला फोन केला. तो नाही म्हणाला नाही. "अप्पांना विचारा," एवढंच म्हणाला. म्हणजे सगळं तुझ्या शब्दावर आलं. पायरीवर निम्मे राहुलचे, निम्मे अभिषेकचे. शेवटी ठरलं, मारुतीला कौल लावायचा, शनिवारी आठ तारखेला संध्याकाळी. बाळाचार्य दोन्ही नावं वेगवेगळी विचारणार. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावायची, उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नको. एकदा दिलेला कौल वर्षभर फिरवायचा नाही.

त्याआधी तुझं होकाराचं पत्र येऊ दे. मी पोस्टमनची वाट बघत दारात बसतो. अर्चना म्हणते, मामंजी, उन्हात बसू नका. मला चैन पडत नाही.

तुझा,
सदाशिव


कोल्हापूर,
३ फेब्रुवारी २०२५

सदा,

हे पत्र एकट्यानं वाच आणि फाडून टाक. पायरीवर नेऊ नकोस.

त्र्याऐंशीच्या फायनलला माझ्या अंगात ताप होता. तू बाकावर बसवलंस तेव्हा मी देवाचे आभार मानले. बेचाळीस वर्षं उगाच घोकत बसलास.

हार्डवेअरचं दुकान वगैरे काही नाही. अभिषेक घरात असतो. गेल्या वर्षी त्याचा संघ लागोपाठ पाच सामने हरला. इथलं फुटबॉलचं वेड तुला माहीत आहे, पोरं त्यासाठी डोकी फोडतात. आधी दाराला चपलांची माळ बांधली. मग फोनवर शिव्या. मग चौकात फ्लेक्स लावला, अभिषेकचा फोटो, फोटोला हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तीन दिवस तो फ्लेक्स तिथं होता. दूध आणायला मला त्याच्याखालूनच जावं लागायचं. मी काढायला गेलो तर म्हणाले, काका, मनावर घेऊ नका, गंमत आहे.

चौथ्या दिवशी अभिषेकनं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. मी वेळेवर घरी आलो म्हणून वाचला. दवाखान्यात आठ दिवस होता. अजून औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, सुधारतोय, पण वर्षभर मैदानापासून लांब ठेवा. मी सोडून हे कुणाला माहीत नाही, लोकांना कावीळ म्हणून सांगितलं.

तो रोहितला नाही म्हणाला नाही, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणतो. नाही. तुमचा संघ तीन सामन्यांत सुधारायचा नाही, हे तुलाही कळतं. हरला की तुमची पोरं हलगी काढणार. माझ्या मुलाच्या पाठीमागं मयताचा ठेका, सदा. तो किरणसारखा गाडी वळवून जाणार नाही.

राहुलचं नाव लावा. माझ्या मुलाचं नाव देवापुढं नेऊ नका.

गणपत


जुनी हुबळी,
९ फेब्रुवारी २०२५

गणपत,

माझ्या हातून काय झालं ते लिहितो.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकीट जाड होतं. मला वाटलं, नकार असता तर दोन ओळींचा असता, एवढं मोठं म्हणजे होकार आणि पोरांना चार सूचना. फोडायला हात गेला होता. मग आपली रीत आठवली, क्लबच्या कामाचा कागद आधी मारुतीच्या पायाशी. कुंकवाचं बोट लावलं आणि तसंच बंद पाकीट घेऊन देवळात गेलो. सगळ्यांना दाखवलं. म्हणालो, गणपतचं पत्र आलंय. कुणी विचारलं नाही की आत काय लिहिलंय, सगळ्यांनी तेच धरलं जे मी धरलं होतं.

बाळाचार्यांनी ते मूर्तीपुढं ठेवलं. राहुलचं नाव घेतलं, डावं फूल पडलं. अभिषेकचं नाव घेतलं. बराच वेळ काहीच पडलं नाही, आणि मग उजवं पडलं. हलगी वाजली. रोहितनं तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, मारुतीनं कौल दिला, अप्पांचं पत्रही आलंय. अभिषेक हो म्हणाला. हे सगळं होईपर्यंत पाकीट बंदच.

घरी आलो, अर्चनानं चष्मा दिला, पत्र फोडलं.

मी परत देवळात गेलो. बाळाचार्य दार लावत होते. कौल फिरवता येतो का, विचारलं. "देवानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं," ते म्हणाले. "पायाशी ठेवलेलं पाकीट तुम्ही वाचायचं होतं, त्यानं नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, काय आहे त्यात? मी सांगितलं नाही. तू कुणाला सांगू नको म्हणाला होतास. रोहितला एवढंच म्हणालो की अभिषेकला राहू दे, माझं मन घेत नाही. तो म्हणाला, "अज्जा, नाव तुम्हीच आणलं, आता तुमचंच मन घेत नाही?"

पत्र फाडून टाकलं. रोहितकरवी फोन केला तर गुपित फुटेल, म्हणून काय करू ते उलट टपालानं कळव. तू त्याला अडव.

सदाशिव


कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २०२५

सदा,

तुझं पत्र काल मिळालं. अभिषेक मंगळवारीच हुबळीला गेला.

अडवायला मी दारात उभा राहिलो होतो. पण त्यानं सकाळी उठून आपणहून दाढी केली होती. वर्षात पहिल्यांदा. बूट पॉलिश केले होते. म्हणाला, "अप्पा, तुम्ही पत्रात हो लिहिलंत, मला सांगितलं का नाही?" मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला खरं सांगवलं नाही. म्हणालो, विसरलो.

म्हणजे आता आपण दोघंही खोटे.

तुला शिव्या देऊन काही होणार नाही. एक काम कर. त्याच्यामागं बस. जेवतो का बघ, गोळ्या घेतो का बघ, सकाळी एक आणि जेवणानंतर दोन. हरले तर हरू दे. फक्त ती हलगी त्याच्या पाठीमागं वाजू देऊ नकोस. एवढं एकच मागतो. आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, बूटसुद्धा नाही.

गणपत


जुनी हुबळी,
२४ फेब्रुवारी २०२५

गणपत, रामराम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. काळजी करू नकोस. म्हणजे मी करतो आहे, तू करू नकोस.

अभिषेक माळ्यावरच्या खोलीत आहे. भाकरी दोन खातो, अर्चनाच्या हातची शेंगदाण्याची चटणी त्याला आवडते. गोळ्या मी मोजून पाहतो. पोरांवर ओरडत नाही, एकेकाला बाजूला घेऊन सांगतो. सोळा तारखेला एक-एक बरोबरी झाली. रोहितनं पेढे वाटले. बाळाचार्य म्हणाले, "पाय तेच आहेत, पण आता एकमेकांना ओळखतात." अभिषेक हसला. तुझ्यासारखाच हसतो, एका बाजूनं.

काल तीन-शून्यनं हरलो. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दमला असेल. आज सकाळी मी विचारलं, बरं आहे ना? हो काका, म्हणाला. बोलत कमी आहे, पण शांत आहे, ते मला बरं वाटतं.

हलगीचं मी केलंय. काल पोरं कुजबुजायला लागली, तेव्हा मी म्हणालो, हलगीचं कातडं सैल झालंय, द्या मी बसवून आणतो. आणली आणि माझ्या बंद दुकानात, जुन्या मशीनच्या खाली ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला नाही, आपल्याला कुठलं जानवं, कमरेच्या करगोट्याला बांधलीय. दुसरी हलगी पोरांकडे नाही.

शेवटचा सामना दोन मार्चला. जिंकलोच पाहिजे. जिंकणार नाही असं मला वाटतं, पण हलगी वाजणार नाही.

तुझा,
सदाशिव


जुनी हुबळी,
सोमवार, ३ मार्च २०२५

गणपत,

अभिषेक सकाळी नऊच्या बसनं निघाला. दोनपर्यंत पोचेल. रोहित तुला फोन लावतोय, लागत नाही. हे पत्र पोचेल तेव्हा तो तुझ्यापुढं असेल. असू दे, मारुतीराया.

काल हरलो. चार-एक. खाली गेलो.

तिसरा गोल झाला तेव्हा पोरं उठून अभिषेकच्या बाकामागं गेली. मी निश्चिंत होतो, किल्ली माझ्या कमरेला होती. बाकामागं पत्र्याचं कुंपण आहे. त्यांनी हाताच्या तळव्यांनी पत्रा वाजवायला सुरुवात केली. वीस-पंचवीस पोरं, एकसारखी. तोच ठेका. मी शिकवलेला, म्हणून बरोबर वाजत होता. मला लांबून माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, पण ते ऐकू आलं. छातीत.

मी धावलो. पत्र्याला पाठ लावून हात पसरून उभा राहिलो, तू गोलात उभा राहायचास तसा. पोरं हसली. एकानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "अज्जा, नीवऽ कलिसीरल्ला." तुम्हीच शिकवलंत की. खरंच होतं ते. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी वाजवत राहिली.

मग मी बोललो, गणपत. तू कुणाला सांगू नको म्हणाला होतास आणि मी सगळ्यांना सांगितलं. थांबवा, म्हणालो, यानं गेल्या वर्षी जीव द्यायला घेतला होता, पुन्हा देईल, तुम्ही त्याला मारताय. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा झाला ते कळत नाही. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. खेळणारी पोरंसुद्धा थांबली.

पत्रा एकदम बंद झाला. मला वाटलं, वाचवलं.

मागं वळून पाहिलं तर अभिषेक माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. कुणीतरी कपडे काढून घेतल्यासारखा बघत होता. उरलेली वीस मिनिटं मैदानात कुणीच ओरडलं नाही. चौथा गोल झाला तरी कुणी एक शब्द बोललं नाही. संपल्यावर पोरं एकेक करून त्याला हात मिळवायला आली, खाली बघत, मयताच्या घरी भेटायला जातात तशी. रोहितनं त्याला पाणी दिलं, दोन्ही हातांनी.

आम्ही घरी आलो. दाराशी तो थांबला, माझ्या कानाजवळ तोंड आणून हळू म्हणाला, "काका, वाजू द्यायचं होतं. हरलेल्या कोचला वाजवतातच. बरोबरीच्या मॅचनंतर आठ दिवस मी नुसता कोच होतो." मला प्रत्येक शब्द ऐकू आला. कसा काय, माहीत नाही.

सकाळी मी म्हणालो, मी बरोबर येतो कोल्हापूरपर्यंत. नको म्हणाला. हे एकच तो मला नको म्हणाला. बस निघाल्यावर मी परत आलो तर माळ्यावर खाटेखाली त्याचे बूट होते. पॉलिश केलेले, आत वर्तमानपत्र भरलेलं. विसरला का ठेवून गेला, मला कळत नाही. पार्सल करू का? पोचला की कुणाकडून तरी रोहितला फोन करव. मी दारात बसलोय.

रोहितनं क्लबला कुलूप लावलं. आता मला त्याचं काही वाटत नाही.

सदाशिव


कोल्हापूर,
८ मार्च २०२५

सदा,

अभिषेक पोचला. दोनला नाही, संध्याकाळी सातला. मधले पाच तास कुठं होता ते सांगत नाही. मीही विचारत नाही.

बूट पाठवू नकोस. त्यानं मागितले नाहीत.

हलगी पोरांना देऊन टाक. कुलपात ठेवून काय उपयोग.

आज डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर बसलो असताना त्यानं मला विचारलं, "अप्पा, तुमच्या पत्रात खरं काय लिहिलं होतं?" मी सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "देवानं तरी हो म्हटलं होतं."

आता पत्र लिहू नकोस काही दिवस. पोस्टमन आला की तो दचकतो. तू पाचला पायरीवर जायचास, तसा मी पाचला त्याच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. आत जात नाही. दार थोडं उघडं ठेव, एवढंच त्याला सांगितलंय. आजपर्यंत ठेवतो.

गणपत